सोयाबीनमध्ये पारखलेलं फावडं

जालन्याच्या बाजारात अशी एकही वस्तू नसेल, जिला माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी एकदा तरी नापास केलेलं नाही. कारखानदारांनी आपला माल देशभर पाठवण्याआधी या गृहस्थांच्या गादीसमोर आणून ठेवावा, निम्मे कारखाने तिथंच बंद पडतील आणि उरलेले सुधारतील. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची पिढीजात आडत आहे. घराणं राजस्थानातलं, पण इथं येऊन इतकी वर्षं झाली की आता राजस्थान फक्त लग्नपत्रिकेत उरलंय. घरात मारवाडी, मोंढ्यात मराठी आणि जुन्या बाजारात दखनी बोलतात. एकत्र कुटुंबात चुलतभावंडं म्हणायची म्हणून सख्खी मुलगीही त्यांना काकाजीच म्हणते. मग मीही म्हणते.

आडतदाराला एक सवय लागलेली असते. पोतं समोर आलं की त्यात टोकदार नळी खुपसायची, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकायचे, एक दाताखाली फोडायचा आणि मग बोलायचं. काकाजींनी ही सवय मोंढ्याबाहेरच्या जगालाही लावली. छत्री घ्यायची होती तेव्हा दुकानदाराला त्यांनी पाऊस मागितला. पाऊस नव्हता, म्हणून दुकानामागच्या नळाखाली छत्री उघडून स्टूल टाकून बसले, ते पेपर वाचून होईपर्यंत. पेपर कोरडा राहिला तेव्हा छत्री पास झाली. गादी घ्यायला गेले ते गादीच्या दुकानातच दुपारची झोप काढून आले, आणि उठल्यावर ‘‘झोप लागली, पण स्वप्न बराबर न्हाई पडलं’’ असं सांगून दुसऱ्या दुकानात गेले. काकीजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे सगळं ऐकून पोळी लाटता लाटता म्हणतात, ‘‘इतकं बघून तर माझ्याशी लगन पण न्हवतं केलं.’’ त्यावर काकाजी शांतपणे म्हणतात, ‘‘ते वडिलांनी पारखल्तं. त्यांचा हात पक्का होता.’’

अशा माणसाने एक दिवस ठरवलं की आपल्याला एक फावडं घ्यायचं आहे. गाडीत राहील असं, घडी होणारं, चिखलात फसलेलं चाक मोकळं करणारं. आणि तिथून पुढचं जवळजवळ वर्ष आमच्या सगळ्यांच्या आयुष्यात त्या फावड्याशिवाय दुसरा विषय राहिला नाही.

कारण असं. माझी मैत्रीण गुराढोरांची डॉक्टर आहे. भोकरदनच्या बाजूला, केदारखेड्याच्या आसपासच्या गावांतून तिला फोन येतात. गाय अडली, बैलाचं पोट फुगलं, म्हैस खाली बसली ती उठेना. ती आपली छोटी गाडी काढते आणि निघते. जनावरांवर दया करणाऱ्यांचं हे घर, त्यामुळे लेकीच्या शिक्षणाचा काकाजींना केवढा अभिमान! पण गेल्या पावसाळ्यात डांबरी रस्ता सोडून ती अडलेल्या म्हशीसाठी एका वस्तीकडे वळली आणि गाडी काळ्या मातीत अडकली. आमच्याकडची काळी माती पावसात माती राहत नाही. चाकाला, चपलेला, बैलाच्या खुराला असा काही लळा लावते की सुटणं नको वाटावं. ती गाडीपाशी झटत राहिली. शेवटी ट्रॅक्टर आला. ती पोचली तेव्हा म्हैस वाचली, पण पोटातलं पारडू गेलं होतं. काकाजी जैन, सूर्यास्तानंतर ते जेवत नाहीतच. त्या दिवशी ते सूर्यास्ताआधीही जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची चावी त्यांच्या तिजोरीत गेली. ‘‘बराबर फावडं भेटू दे. मंग चावी घे,’’ एवढंच म्हणाले.

आता इथं मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. मी रस्त्यांच्या प्रश्नावर काम करते. वडीगोद्रीच्या बाजारात पत्रकं वाटत मोठी झालेली मुलगी आहे मी. मला दोन गोष्टी सरळ दिसत होत्या. एक, प्रश्न रस्त्याचा आहे, फावड्याचा नाही. वस्तीला रस्ता नाही म्हणून पारडू गेलं, आणि त्यावर उपाय म्हणून प्रत्येकाने आपापलं फावडं घेऊन फिरायचं असेल तर उद्या दवाखाना नाही म्हणून प्रत्येकाने आपापली कात्री घेऊन फिरावं! दोन, सज्ञान बाईच्या गाडीची चावी वडिलांच्या तिजोरीत असते तेव्हा त्याला काळजी म्हणत नाहीत, ताबा म्हणतात. मी मोंढ्यात गेले, गादीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, ‘‘काकाजी, गाडी तिच्या नावावर, परवाना तिचा, डिग्री तिची. चावी तुमच्याकडे कशी?’’

काकाजींनी चष्मा पुसला. ‘‘बराबर हाये तुझं.’’

‘‘मग द्या की.’’

‘‘बिलकुल देणार. बेटा, तू शिकलेली. हे बघ, ह्या फावड्याचा दांडा लोखंडाचा चांगला का ॲल्युमिनचा?’’

‘बराबर हाये’ म्हणणाऱ्या माणसाविरुद्ध आंदोलन कसं करायचं, हे आम्हाला कोणत्याच शिबिरात शिकवलेलं नव्हतं. मी खाली बसले आणि फावड्यांचे फोटो बघू लागले.

मोबाईलवर जी फावडी दिसत होती ती सगळी तंबू ठोकून रानात राहणाऱ्या हौशी लोकांसाठी होती. प्रत्येक फोटोत एक गोरा दाढीवाला, मागे तंबू, पुढे शेकोटी. काकाजींनी त्या माणसाकडे बराच वेळ बघितलं.

‘‘ह्याला घर न्हाई का?’’

‘‘आहे. मौज म्हणून रानात झोपतात, काकाजी. कॅम्पिंग.’’

‘‘आणि फावडं?’’

‘‘तंबूभोवती चर खणतात, पाणी आत येऊ नये म्हणून.’’

‘‘घरी झोपला असता तर आलंच नसतं पाणी. खर्चा करून भिजायचं!’’ म्हणून त्यांनी दाढीवाल्याला कायमचं नापास केलं. पण त्याचं फावडं मात्र मागवलं. ते आलं ते एका पिशवीत, सतरा तुकड्यांचं म्हणावं असं. दांड्यात करवत, चाकू, शिट्टी, आग पेटवायची कांडी आणि बाटलीचं झाकण उघडायची खाच. खाच बघून काकाजींनी ते गादीवरून खाली ठेवलं. ‘‘हे पिणारं दिसून राह्यलं. पोरीसंगं न्हाई पाठवायचं.’’ दांड्याच्या टोकाला होकायंत्रही होतं, पण लोखंडी दांड्याशेजारी बसून त्याची सुई बिचारी दांड्याकडेच वळून राहिली होती. कुठेही धरा, उत्तर दिशा म्हणजे फावडं. काकाजी म्हणाले, ‘‘पुढाऱ्यासारखं हाये. कुणीकडं बी बघा, ह्याला आपणच दिसतो.’’ मी या वाक्यासाठी त्यांना बरंच काही माफ केलं.

मग एक आलं ते घडी व्हायचं पण उघडताना बोट चिमटायचं. एक इतकं जड की ते गाडीत ठेवल्यावर गाडीच फसेल असं काकीजींचं मत पडलं. एक इतकं हलकं की काकाजींनी त्यावर दाणे ठेवून तराजूच्या पारड्यासारखं धरून बघितलं आणि ‘‘खेळणं हाये’’ म्हणून परत पाठवलं. कुरिअरवाला आता आमच्यातलाच झाला होता. तो खोकं देतानाच विचारायचा, ‘‘काकाजी, थांबू का? लगेच वापस द्यायचं असंल तर चक्कर वाचंल.’’

शेवटी काकाजी जुन्या बाजारातल्या लोखंडाच्या दुकानात गेले. दुकानाचे मालक चाचा त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघांत कधी कुणाचा वरचष्मा होत नाही आणि दोघांनाही तो प्रयत्न सोडवत नाही.

‘‘सेठ,’’ चाचा म्हणाले, ‘‘लड़की के वास्ते फावड़ा ढूंढ रै कि दूल्हा?’’

‘‘दूल्हा आसान है चाचा. बिगड़ा तो चार लोगां बैठके समझा सकते. फावड़ा बिगड़ा तो उसकू कौन समझाएगा?’’

‘‘तो मट्टी में मारके देखो ना एक बार! दुकान के पिच्छू है मट्टी.’’

आणि खरी अडचण इथंच होती. जमिनीतल्या जीवांना आपल्या हातून इजा नको म्हणून त्यांनी फार पूर्वी नियम घेतला होता, आपल्या हाताने जमीन खोदायची नाही. अंगणातल्या तुळशीची मातीही ते हलवत नाहीत. म्हणजे जिल्ह्यातलं सगळ्यात चोखंदळ गिऱ्हाईक अशी वस्तू निवडत होतं, जी त्याला आयुष्यात एकदाही वापरून बघता येणार नव्हती. त्यातही त्यांचं मन खात होतं. आपण खोदायचं नाही, दुसऱ्याकडून खोदवायचं नाही, खोदणाऱ्याला शाबास म्हणायचं नाही, असा तो नियम तिन्ही बाजूंनी बांधलेला. फावडं घेऊन देणं म्हणजे खोदवणंच की! यावर त्यांनी जैन स्थानकात जाऊन साध्वीजींशी बरीच चर्चा केली आणि मुकं जनावर वाचवायला जाणाऱ्याच्या वाटेत मदत होत असेल तर चालेल, इथवर मनाची समजूत घातली. पण स्वतः मातीत फावडं मारणं? ते नाही म्हणजे नाही.

मग त्यांनी त्यांच्या जगातला मार्ग काढला. त्यांच्या आडतीत सोयाबीनचा ढीग पडलेला असतो. काकाजींनी चाचांच्या दुकानातली आणि मोबाईलवरून मागवलेली उरलीसुरली सगळी फावडी ढिगासमोर ओळीने मांडली आणि एकेक करून सोयाबीनमध्ये घातली. हमाल कामं सोडून बघत उभे राहिले. काकाजी धोतराचा सोगा खोचून वाकायचे, फावडं ढिगात सारायचे, उचलायचे, किती दाणे आले, किती सांडले, मनगटाला कळ आली का, ते बघायचे. सोयाबीन म्हणजे मोत्यांसारखा सुटा, गोल, घरंगळणारा माल. खोलगट, मोठ्या तोंडाचं, चमच्यासारखं जे फावडं होतं, ते त्यात लोण्यासारखं शिरलं आणि भरून वर आलं. काकाजींचा चेहरा उजळला. ‘‘हे! हे बराबर हाये. एक दाणा न्हाई सांडला!’’

‘‘काकाजी,’’ मी म्हणाले, ‘‘रस्त्यावर सोयाबीन नसतं.’’

‘‘हाताला कळतं बेटा. माल कोणता बी असू दे, हाताला कळतं.’’

चाचांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. दोस्ताच्या आनंदात माती कालवायची नाही, हे त्यांचं तत्त्व असावं.

मला वाटलं, आता तरी चावी येईल. आली. पण मी जे समजून बसले होते ते मुळातच चुकीचं होतं, हे चावीच्या दिवशी कळलं. आषाढी पौर्णिमा नुकतीच झाली होती. मी मैत्रिणीबरोबर जायचं ठरवलं होतं, त्या वस्तीच्या रस्त्याचे फोटो काढायचे म्हणून. गाडीचं पुढचं दार उघडलं तर माझ्या सीटवर फावडं. आडवं टाकलेलं नाही. पाठ टेकवून उभं बसवलेलं, आणि त्याला सीटबेल्ट लावलेला.

‘‘डिकीत ठेवू का?’’ मी विचारलं.

‘‘न्हाई न्हाई,’’ काकाजी घाईने पुढे आले. ‘‘तिथंच राहू दे. ती माझी जागा हाये.’’

मैत्रीण स्टेअरिंगकडे बघत राहिली. मग मला आठवलं ते सगळं एकदम जागेवर बसलं. वर्षाचे आठ महिने काकाजी तिच्याबरोबर जातात. प्रत्येक गाईपर्यंत, प्रत्येक म्हशीपर्यंत, शेजारच्या सीटवर बसून. चावी तिजोरीत होती तेव्हाही पाऊस सरल्यावर ते ती काढून तिच्याबरोबर निघायचे, आणि मी त्यालाही पहारा म्हणायचे. पण चातुर्मासाचे चार महिने गावाची हद्द ओलांडायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. नेमके पावसाचे चार महिने. नेमका चिखल. गेल्या वर्षी ती चिखलात होती तेव्हा ते गादीवर फोन हातात धरून बसले होते आणि हद्दीच्या पलीकडे एक पाऊल टाकू शकत नव्हते. ‘‘मला जाता येत न्हाई,’’ ते खाली बघत म्हणाले, ‘‘तर माझ्या जागी कोणी तरी पक्कं पाहिजे ना.’’

मी मागच्या सीटवर बसले.

फोन पोट फुगलेल्या गाईचा होता. डांबर संपलं, आम्ही वस्तीच्या वाटेला वळलो आणि थोड्याच वेळात गाडी बसली. पुढचं डावं चाक अर्धं दिसेनासं झालं. मी फावड्याचा पट्टा सोडला, ते सन्मानाने बाहेर काढलं, उघडलं आणि चाकाखाली मारलं. आत गेलं. वर आलं ते मातीचा मोठा लाडू घेऊन. झटकलं, लाडू पडेना. आपटलं, पडेना. त्याच लाडवासकट पुन्हा मारलं तर दुसरा लाडू पहिल्यावर बसला. खोलगट तोंडात माती अशी ठाण मांडून बसली की मी फावड्याने माती काढत होते की मातीने फावडं, ते सांगता येईना. बिजागरीत चिखल शिरला, मग ते धड उभं राहीना आणि घडीही होईना. मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात रस्त्याचं काम कागदावर उरकणाऱ्यांची आठवण बरीच होती.

मागे वळून बघितलं तर मैत्रीण गाडीपाशी नव्हती. तिने औषधांची बॅग खांद्याला लावली होती, चपला काढून हातात घेतल्या होत्या आणि बांधावरून वस्तीकडे चालायला लागली होती.

‘‘अगं, गाडी?’’ मी ओरडले.

‘‘गाडीला काय पोटफुगी झालीये का? राहू दे तिथंच!’’

गेल्या वर्षी ती गाडी सोडून गेली नव्हती. एवढाच फरक होता, आणि तेवढा पुरला. आम्ही पोचलो तेव्हा गाईचं डावं अंग ढोलासारखं ताणलेलं होतं. मैत्रिणीने नळी घातली, औषध पाजलं, पोट चोळत राहिली. गाय बऱ्याच वेळाने मोठ्ठा उसासा टाकून वैरणीकडे वळली. घरच्या म्हातारीने आमच्या पायांकडे बघून पाणी तापवायला ठेवलं. परत येताना मैत्रिणीने डिकीतून रिकामी पोती काढली. शेणाचे पाय पुसायला म्हणून काकाजी मोंढ्यातला बारदाना तिथं टाकून ठेवतात. पोती चाकांखाली सारली, मी मागून ढकललं, गाडी निघाली. फावडं मी पायाशी ठेवलं. सीटवर ठेवण्याच्या अवस्थेत ते नव्हतं.

खरी धास्ती परतल्यावरची होती. खरं सांगितलं तर चावी जाणार. मी वाटेत म्हणाले की सांगू नकोस, मी रस्त्याची गाऱ्हाणी सांगून विषय बदलते. तिने सरळ मोंढ्यात गाडी नेली, ते मातीचं गाठोडं झालेलं फावडं उचललं आणि गादीसमोर ठेवलं.

काकाजींनी चष्मा लावला. ‘‘हे कोण?’’

‘‘तुमचं फावडं.’’

‘‘हे?’’

‘‘बेकार हाये, काकाजी. माती सोडतच न्हाई. गाडी फसल्ती. मी सोडून पायी गेले.’’

काकाजी तिच्या पायांकडे बघत होते. चिखल पोटऱ्यांपर्यंत वाळून भेगाळला होता.

‘‘गाय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘उठली. वैरण खाल्ली.’’

‘‘तू पायी गेल्तीस.’’

‘‘हां.’’

‘‘आणि गाडी कोणी काढली?’’

‘‘आम्हीच.’’

काकाजींनी मातीचा एक खडा तळहातावर घेतला. तळहातावर दाणे घेऊन ते असेच बसतात, भाव सांगायच्या आधी. मग त्यांनी तोंड उघडलं ते चावीबद्दल नाही. ‘‘सोयाबीनला चांगलं होतं,’’ ते हळूच म्हणाले, आणि स्वतःच हसले. नंतर एक बोथट चमचा घेऊन बसले आणि फावड्यावरची माती अलगद, जणू तिला झोपेतून उठवायचं नाही अशी, सोडवू लागले. सगळी माती एका कागदात बांधली आणि माझ्या हातात दिली. ‘‘पुन्हा जाशील तेव्हा जिथली तिथं टाक. तिच्यात जीव हाये.’’ चावी मैत्रिणीकडेच राहिली. त्यांनी मागितली नाही आणि तिने दिली नाही.

फावड्याचा शोध अजून चालू आहे, पण आता त्यात पूर्वीची तलखी नाही, छंद आहे. आणि मी अजून रस्त्यासाठी भांडते. ते मी सोडणार नाही, काकाजींनीही सोड म्हटलेलं नाही. परवा निवेदनावर सही दिली, तीही निवेदन तीनदा वाचून आणि कागद उजेडाला धरून बघून.

पावसाळ्यात ती निघाली की काकाजी आता गादीवर बसत नाहीत. गावाच्या टोकाला जुना जकात नाका आहे, त्याच्या ओट्यापर्यंत त्यांची हद्द. छत्री घेऊन तिथं जातात. मोंढ्याचे फोन तिथूनच घेतात, भाव तिथूनच सांगतात. कुणी विचारलं, दुकान? तर ‘‘मुनीम बघून राह्यला’’ म्हणतात. तिची गाडी पुढे जाते तेव्हा हात करत नाहीत, फक्त बघत राहतात, आरशातून पांढरं धोतर लहान लहान होत जातं. संध्याकाळी आम्ही परत येतो तेव्हा ते ओट्यावरच असतात. गाडी थांबते, मी मागे सरकते, ते पुढचं दार उघडून बसतात आणि विचारतात, ‘‘कोणतं जनावर होतं? काय झाल्तं?’’ ती सांगत जाते. नाक्यापासून घरापर्यंतचा रस्ता चांगला डांबरी आहे, सरळ, रिकामा. तिथं फसायला काहीच नाही. तरी ती तेवढ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही.